चव्वेचाळीस सतरा नंबरची मोटार

कारखान्यात तिला सगळे सूनबाई म्हणायचे. सगळे म्हणजे अगदी सगळे. मोठे साहेब, गेटवरचा वॉचमन, चहावाला, इतकंच काय, नुकत्याच कामाला लागलेल्या वीस-बावीस वर्षांच्या पोरीसुद्धा. पंचेचाळिशीच्या, कपाळावरचे केस पांढरे झालेल्या बाईला "सूनबाई, जरा कात्री द्या हो" म्हणताना कोणाला काही वाटायचं नाही. याला कारण तिच्या सासूबाई. त्या याच कारखान्यात राबल्या, आणि त्यांचा दरारा असा की निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी त्यांची सून ती सूनच राहिली.

काम होतं मोटारींना तार भरायचं. मोटार म्हणजे रस्त्यावर धावते ती नव्हे. पंप फिरवते ती. तिच्या लोखंडी पोटात आतून खाचा असतात. त्या खाचांत कागद घालायचा, तांब्याच्या तारेची वेटोळी बसवायची, पाचर मारायची, दोऱ्याने घट्ट बांधायचं आणि वरून वार्निश पाजायचं. लहान मोटारींचं हे काम आता यंत्र करतं. पण माणसाच्या कमरेएवढ्या उंच मोटारी हातानेच भराव्या लागतात, आणि तिथे घाई चालत नाही. एक वेडावाकडा फेरा पडला की सगळं मुसळ केरात.

या वाइंडिंग विभागात एक जुनी रीत होती. प्रत्येक बाईच्या दोऱ्याचा रंग ठरलेला. मोटार भरून झाली की आपल्या रंगाची एक गाठ आतल्या बाजूला मारायची. बाहेरून ती कोणाला दिसत नाही. दिसावी म्हणून मारतच नाहीत. पण आपण केलेल्या कामाला आपलं नाव असावं, एवढंच. सूनबाईचा दोरा लाल. सासूबाईंचा हिरवा. आणि हिरवा दोरा त्या विभागात गेली तेहतीस वर्षं कोणी हातात धरलेला नव्हता.

तेहतीस वर्षांपूर्वी असं झालं. त्याच्या आदल्या वर्षी कारखान्याच्या चार मोठ्या मोटारी पहिल्यांदाच परदेशी गेल्या होत्या, एका शहराच्या पंपघरासाठी. चारही सासूबाईंनी भरलेल्या. केवढं कौतुक झालं! मालकांनी स्वतः येऊन मोटारींशेजारी सासूबाईंना उभं करून फोटो काढला. आणि वर्ष पुरतं व्हायच्या आत तिकडून पत्र थडकलं. ४४१७ नंबरची मोटार जळाली, वाइंडिंग कच्चं आहे. झालं! विचारपूस नाही, चौकशी नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या हातात चिठ्ठी पडली, उद्यापासून पॅकिंग विभाग. चिठ्ठीवर मोटारीचा नंबर होता आणि 'कच्चे काम' असे दोन शब्द. सासूबाईंनी ती घडी घालून कमरेला खोचली आणि पुढची एकोणीस वर्षं खोक्यांना पट्ट्या मारल्या. ज्या बाईने कोणाचं कधी ऐकून घेतलं नाही, तिने तोंडातून ब्र काढला नाही. लोकांना त्याचंच नवल वाटायचं.

सूनबाई लग्न होऊन घरात आली तेव्हा सासूबाई पॅकिंगमध्ये होत्या. एका रविवारी त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची उलटी केली, तिच्या चार पायांकडे बोट दाखवलं आणि सुतळीचा गुंडा नव्या सुनेच्या हातात दिला.

"गुंडाळ. फेरे मोज. एकावर एक चढता कामा नये."

सूनबाईला वाटलं, सासुरवास म्हणतात तो हाच असणार. दोन वर्षं ती खुर्ची उलटीच होती. जेवायला घरात एक खुर्ची कमी, म्हणून नवरा खिडकीच्या कट्ट्यावर बसून जेवायचा आणि म्हणायचा, "तुमचं दोघींचं झालं की मला सांगा, मी पाठ टेकीन म्हणतो." पण दोन वर्षांनी सूनबाईने कारखान्यात परीक्षा दिली, तेव्हा बाकीच्या बायकांची निम्मी वेटोळी होईस्तोवर हिची सगळी भरून वर लाल गाठ पडली होती. फोरमनने ती गाठ ओढून बघितली, नखाने उचकटून बघितली आणि विचारलं, "ही गाठ कोणी शिकवली?" सूनबाई म्हणाली, "पॅकिंगवाल्यांनी." फोरमनने ती गाठ पुन्हा एकदा बघितली.

अशी वीस वर्षं गेली. आणि मग या वर्षी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"सूनबाई, परदेशी जाल का? आपल्या जुन्या मोटारी आहेत तिकडे. एक जळालीय, बाकीच्या तपासायच्यात. तिकडे हाताने भरणारं माणूस उरलं नाही. तीन आठवडे. इंजिनियर सोबत येतील."

दुसरी कोणी असती तर थंडी किती, राहायचं कुठे, असं विचारलं असतं. सूनबाईने विचारलं, "जळालेल्या मोटारीचा नंबर काय?"

साहेबांनी कागद बघून सांगितला. चव्वेचाळीस सतरा. तोच नंबर. ती म्हणाली, "जाते."

घरी नवऱ्याने आनंदाने सगळी गल्ली डोक्यावर घेतली. सासूबाई मात्र शेंगा सोलत होत्या त्या सोलतच राहिल्या. नंबर ऐकला तेव्हा तेवढा त्यांचा हात थांबला. निघायच्या दिवशी दुपारी, नवरा पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात गुंग असताना, त्यांनी सुनेला आतल्या खोलीत बोलावलं. कपाटातून पत्र्याचा डबा काढला, डब्यातून ती चिठ्ठी काढून सुनेच्या हातात दिली. घड्यांवर फाटायला आलेली. डब्यात खाली हिरव्या दोऱ्याचं रीळही होतं. ते त्यांनी तसंच ठेवलं.

"अगं, एक सांगायचंय. आजवर कोणाला सांगितलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "चौथ्या मोटारीचं शेवटचं वेटोळं बांधत होते. शाळेतून निरोप आला, हा तुझा नवरा झाडावरून पडला, हात मोडलाय. सुटी व्हायला दहा मिनिटं होती. बांधून झालं की मी सगळं पुन्हा एकदा नखाने दाबून बघायची, तुलाही तेच शिकवलंय. त्या दिवशी नाही बघितलं. गाठ मारली नि पळत सुटले."

"म्हणून तुम्ही भांडला नाहीत?"

"कोणत्या तोंडाने भांडू?"

बावीस वर्षं एका घरात राहून या बाईच्या पोटात काय सलतंय ते आपल्याला कळलं नाही, याचं सूनबाईला फार वाईट वाटलं.

"तू तिचं पोट उघडशील. खरं काय ते बघ," सासूबाई म्हणाल्या. "माझी चूक असली तर तसंच सांग. म्हातारीला बरं वाटावं म्हणून गोड बोललीस तर याद राख. आणि फोनवर सांगायचं नाही. समोर बसून सांग."

"बरं, आई."

"आणि डोकं झाकून फिर. तिकडे वारं असतं म्हणे."

बोलणं तिथेच संपलं.

सोबत आलेले इंजिनियर सज्जन गृहस्थ होते, पण विमानातही टाय सोडला नाही म्हणून सूनबाईने मनातल्या मनात त्यांचं नाव टायवाले ठेवलं. परक्या विमानतळावर उतरल्या उतरल्या तिची बॅग अडवली. आत कपडे कमी नि हत्यारं जास्त. लाकडी हातोडी, फायबरच्या पट्ट्या, पाचरींचा गठ्ठा, फितीची रिळं, वाकड्या तोंडाची कात्री. तपासणारा अधिकारी एकेक वस्तू उचलून दिव्यापाशी धरू लागला. टायवाल्यांची पाचावर धारण बसली. सूनबाईने अधिकाऱ्याच्या खिशातलं पेन खुशाल काढून घेतलं, त्याच्यावर दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि पेन परत दिलं. खुणेने सांगितलं, सोड. त्याने ओढलं, दातात धरलं, शेजारच्या सहकाऱ्याला दिलं. तोही हरला. मग दोघंही हसले आणि बॅग सुटली. पेन मात्र त्याने गाठीसकट खिशात ठेवलं.

आता परदेशातलं शहर कसं असतं, हे सांगताना लोक उंच इमारती नि चकचकीत दुकानं सांगतात. सूनबाईला सगळ्यात आधी जाणवली ती शांतता. रस्त्यावर गाड्यांची रीघ, पण हॉर्न म्हणून नाही. आणि शांतता होती म्हणून तिला मोटारी ऐकू येऊ लागल्या. आपल्याकडे कलकलाटात मोटारीचा आवाज ऐकायला कान लावावा लागतो; इथे दुकानाचं शटर वर जाताना त्याची मोटार ऐकू येत होती, जमिनीखालचा पंखा ऐकू येत होता, बेकरीतलं पीठ मळायचं यंत्र ऐकू येत होतं. राहायच्या जागेच्या लिफ्टमध्ये पाऊल टाकल्याबरोबर ती म्हणाली, "हिचं बेअरिंग चाललंय." टायवाले म्हणाले, "सूनबाई, आत्ताच आलोय, जरा शहर बघा." ती म्हणाली, "बघतेच आहे की!"

खोली स्वच्छ होती, पण खिडकी चार बोटं उघडायची नि तिथेच अडायची, जणू कोणी पळून जाईल अशी भीती. संध्याकाळचे आठ वाजले तरी ऊन ढळेना. नळाला चावी नव्हती. हात पुढे केला की पाणी, मागे घेतला की बंद. त्याच्याशी तिचं पहिल्या दिवशी चांगलंच भांडण झालं, कारण तोंडाला साबण लावून डोळे मिटल्यावर तो नळ नेमका कुठे आहे ते कळेना.

पण खरी गंमत रस्ता ओलांडताना झाली. ती फुटपाथच्या कडेला उभी राहिली, तर एक मोठी गाडी तिच्यासाठी थांबली. हिच्यासाठी गाडी थांबायची सवय नव्हती. हिने हाताने खूण केली, जा बाबा तू. गाडीवाल्याने आतून खूण केली, तुम्ही जा. ही म्हणाली, नाही नाही, तुम्ही. मागे चार गाड्या जमल्या, पण कोणी ओरडेना. शेवटी टायवाल्यांनी तिला दंडाला धरून पलीकडे नेलं. पलीकडे गेल्यावर ती वळून त्या गाडीवाल्याला मान लववून नमस्कार करायला विसरली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती अशा थाटात रस्ता ओलांडायला लागली की बघत राहावं.

पंपघर शहराच्या कडेला, नदीला लागून होतं. लाल विटांचं, उंच खिडक्यांचं. आत चार खड्ड्यांत चार मोटारी, पहिला खड्डा उंचावर, चौथा सगळ्यात खाली. तिथली प्रमुख साधारण सूनबाईच्याच वयाची बाई होती. केस कापलेले, निळा कोट, आणि कानावर एक लांबलचक पेन्सिल. सूनबाईने तिचं नाव पेन्सिलबाई करून टाकलं. पेन्सिलबाईने टायवाल्यांशी हात मिळवला, त्यांच्या मागे बघितलं आणि काहीतरी विचारलं. टायवाले गोरेमोरे झाले.

"काय म्हणाली?" सूनबाईने विचारलं.

"विचारतेय, तार भरणारा वाइंडर कधी येणार?"

सूनबाई पाच फूटही नव्हती. तिने बाह्या सरसावल्या, बॅग उघडली आणि हातोडी टेबलावर ठेवली. पेन्सिलबाईला समजलं. तिने हसून हात पुढे केला, आणि हात हातात घेतल्यावर दोघींनाही एकमेकींच्या बोटांचे घट्टे लागले.

आधी चालू मोटारी तपासायच्या होत्या. पहिल्या मोटारीचं झाकण दोन धिप्पाड फिटरांनी काढलं. सूनबाईने दिवा घेऊन आत डोकं घातलं. वार्निश काळवंडलेलं, पण वेटोळी जशीच्या तशी. ओळीत, दातांसारखी. चौतीस वर्षं! तिने आतल्या बाजूने बोट फिरवलं आणि बोटाला ती लागली. गाठ. नखाने वरचं वार्निश खरवडलं, तर खाली हिरवा दोरा.

ती तशीच डोकं आत घालून उभी राहिली. फिटरांना वाटलं, बाईंना काही चूक सापडली. बाहेर आली तेव्हा डोळे भरलेले, आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "माझ्या सासूबाईंचं काम आहे," ती मराठीतच म्हणाली. टायवाल्यांनी सांगितल्यावर फिटरांनीही एकेक करून आत डोकावून गाठ पाहिली. दुसऱ्या मोटारीत हिरवी गाठ. तिसऱ्या मोटारीत हिरवी गाठ. तिन्ही ठणठणीत. दर वेळी सूनबाईचा ऊर भरून यायचा, आणि दर वेळी नजर त्या सगळ्यात खालच्या खड्ड्याकडे जायची. कारण राहिली होती चौथी.

चौथीचं झाकण काढलं नि सूनबाईचा चेहरा उतरला. आत सगळा कोळसा झालेला, पण त्याचं काही नाही. जळालेली मोटार तशीच दिसते. वाईट हे की वाइंडिंग सासूबाईंचं नव्हतंच. बांधणी ढिली, फितीचे वेढे विरळ, गाठ कुठेच नाही. तेहतीस वर्षांपूर्वी मोटार जळाली तेव्हा इथल्याच कोणीतरी ती नव्याने भरून घेतली होती. जुनी तार कधीच भंगारात गेली. म्हणजे सासूबाईंची चूक होती की नव्हती, हे सांगणारं आता काहीच उरलं नव्हतं. ती मुकाट्याने कापाकापीला लागली. घरी जाऊन समोर बसून काय सांगायचं? काही कळलं नाही, असं? इतक्या वर्षांनी?

दोन दिवस तिने जळकी तार उपसली. तिसऱ्या दिवशी पोट रिकामं झालं नि ती खरवडून साफ करू लागली. मोटारीच्या लोखंडी अंगात, खाचांच्या मागे, चार अरुंद कप्पे असतात. तिथे कोणी हात घालत नाही; हातच जात नाही. पण सूनबाईचा हात लहान. आणि सासूबाईंनी शिकवलेलं डोक्यात पक्कं होतं, जिथे कोणी बघत नाही तिथे आधी बघायचं. तिने हात घातला आणि मूठ भरून बाहेर काढली. माती. वाळून पोळीसारखे पापुद्रे झालेली, बारीक, मऊ माती. दिवा धरला तर चारही कप्प्यांत एकाच उंचीवर मातीची रेघ दिसली. खाली माती, वर स्वच्छ लोखंड.

मातीचा वास घेत ती टायवाल्यांकडे गेली. "साहेब, ही मोटार पाण्यात बुडाली होती. अर्ध्यापर्यंत. ही नदीची माती आहे."

"असेल. इतक्या वर्षांत कधीतरी."

"कधी, तेच विचारा ना. जळायच्या आधी की नंतर."

टायवाल्यांनी टाय सारखा केला. "हे बघा सूनबाई, आपण दुरुस्तीला आलोय. जुनं उकरून काढायला नाही. तुमची तक्रार खोटी होती, असं यांना तोंडावर म्हणायचं? उद्या उरलेल्या मोटारींचं काम दुसरीकडे गेलं तर साहेब मला उभा जाळतील."

सूनबाईचा पारा चढला. "तेहतीस वर्षांपूर्वी एकाने जरी विचारलं असतं ना, तर माझ्या सासूला आयुष्यभर खोकी बांधावी लागली नसती! तेव्हाही सगळ्यांना आपली कातडी वाचवायची होती."

टायवाल्यांनी तिच्या हातातल्या मातीकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "आधी मोटार चालू करून द्या. मग मी विचारतो."

"शब्द?"

"शब्द."

मग सूनबाईने पदरचं सगळं कसब त्या मोटारीत ओतलं. नऊ दिवस. सकाळी पूल ओलांडून यायची, कोट चढवायची आणि खाली बसायची. कागद, तार, पाचर, फीत. तोंडाने फेऱ्यांची मोजणी चालू. ती मोजत असताना कोणी बोलायचं नाही, हे फिटर पहिल्याच दिवशी शिकले. एक जण तर शिंक आली म्हणून बाहेर पळत जाऊन शिंकला. चौथ्या दिवसापर्यंत त्या धिप्पाड माणसांना मराठी आकडे शंभरापर्यंत पाठ झाले होते. शेवटचं वेटोळं बांधून झाल्यावर तिने सगळं पुन्हा एकदा नखाने दाबून बघितलं. सासूबाईंच्या राहिलेल्या वेळेचंही धरून तिने ते दोनदा बघितलं. मग लाल दोऱ्याची गाठ मारली.

वार्निश सुकलं, मोटार खड्ड्यात बसली. पेन्सिलबाईने स्वतः बटण दाबलं. मोटार घुमली, चढली आणि एका सुरात लागली. टायवाले मीटरकडे डोळे लावून बसले, पण पेन्सिलबाईने मीटरकडे बघितलंही नाही. तिने कानावरची पेन्सिल काढली, टोक मोटारीच्या अंगाला टेकवलं आणि दुसरं टोक कानाला लावलं. अस्सं! म्हणजे पेन्सिल लिहायची नव्हतीच. सूनबाईने आपली फायबरची पट्टी घेतली आणि दुसऱ्या बाजूने तसंच केलं. दोघी मोटारीच्या दोन अंगांना कान लावून उभ्या. बराच वेळ ऐकून पेन्सिलबाईने डोळे उघडले आणि दोन्ही हात छातीशी नेऊन सूनबाईपुढे मान झुकवली. फिटरांनी टाळ्या वाजवल्या. पाच फूट न भरणारी आमची सूनबाई त्या वेळी केवढी दिसली असेल!

तिने टायवाल्यांकडे बघितलं. टायवाले घसा खाकरू लागले. सुरुवात कशी करावी, या विचारात त्यांचं एक खाकरणं संपून दुसरं सुरू झालं, तेव्हा सूनबाईने खिशातून दोन वस्तू काढून पेन्सिलबाईच्या टेबलावर ठेवल्या. एक पुडी आणि एक चिठ्ठी. पुडी उघडून माती दाखवली. मग मोटारीकडे बोट, आणि हाताने उंची, इथपर्यंत पाणी. मग चिठ्ठीवरचा नंबर आणि खालची तारीख. मग स्वतःकडे बोट करून हात डोक्यावर उंच धरला, माझ्याहून मोठी, आणि दोऱ्याने गाठ मारल्याची खूण केली. पेन्सिलबाईने तिन्ही हिरव्या गाठी पाहिल्या होत्या. तिला अर्थ लागायला वेळ लागला नाही.

ती उठली, भिंतीतलं लोखंडी कपाट उघडलं. रोजच्या नोंदींची जाड बुकं, वर्षावर्षाची. तिने त्या सालाचं काढलं, चिठ्ठीवरच्या तारखेपासून मागे पानं उलटू लागली. एका पानावर बोट थांबलं. तिने वाचलं, पुढची पानं वाचली आणि खुर्चीत बसली. कान लाल झाले होते. मग तिने टायवाल्यांना खूण केली आणि मोठ्याने वाचू लागली. आणि टायवाल्यांनी, त्यांचं भलं होवो, टायची गाठ सैल करून शब्दन्‌शब्द मराठीत सांगितला.

वाचून झाल्यावर पेन्सिलबाईने पानाखालच्या सहीवर बोट ठेवलं. हे लिहिणारा माणूस तिच्या आधीचा प्रमुख, कधीच वारला होता. तिने त्या पानांच्या प्रती काढल्या, प्रत्येकीवर सही केली, पंपघराचा शिक्का मारला. वर एक पत्र लिहिलं. आणि मग सूनबाईचा हात धरून काहीतरी म्हणाली. टायवाल्यांनी सांगितलं, "म्हणतेय, त्यांची माफी मागते. आणि त्यांना सांगा, त्यांच्या तीन मोटारी मी रोज ऐकते."

घरी सूनबाई पोचली तेव्हा सकाळ होती. नवऱ्याने दारातच विचारलं, "कसं काय होतं शहर?" ती म्हणाली, "थांबा जरा," आणि चप्पल काढून सरळ आत गेली. सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. तीन आठवडे फोनवर त्यांनी जेवलीस का, झोपलीस का, यापलीकडे एक शब्द विचारला नव्हता. आताही विचारला नाही. सूनबाई त्यांच्यासमोर खाली बसली. कागद मांडीवर ठेवले.

"आई, पंपघराच्या वहीत लिहिलंय. त्या वर्षी नदीला पूर आला. चौथा खड्डा भरला. तुमची मोटार दोन दिवस पाण्यात होती."

सासूबाईंनी मान वर केली.

"पाणी उतरल्यावर त्यांनी ती नीट वाळवलीसुद्धा नाही. शहरात पाणी तुंबलं होतं, घाई होती. तशीच चालू केली. मग जळाली. पत्रात पुराचं त्यांनी लिहिलंच नाही. दडवलं. हे बघा, सही आहे, शिक्का आहे. गोड बोलत नाहीये मी."

दारात उभ्या नवऱ्याने पिशवी खाली ठेवली. सासूबाईंनी कागद हातात घेतला. परकी लिपी त्यांना वाचता येणार नव्हती, पण चव्वेचाळीस सतरा हा आकडा त्यांनी शोधून काढला आणि त्यावर बोट ठेवलं.

"चालू केली म्हणतेस. मग लगेच जळाली?"

"नाही. सव्वीस दिवस चालली."

"किती?"

"सव्वीस दिवस, आई. रात्रंदिवस. सगळं तुंबलेलं पाणी तिनेच उपसलं."

सासूबाई कागदाकडे बघत राहिल्या. त्यांनी डोळ्याला हातही लावला नाही, पाणी गालावरून खाली येऊ दिलं.

"दोन दिवस पाण्यात बुडून," त्या म्हणाल्या, "ओल्या अंगाने सव्वीस दिवस?"

"हो."

"आणि ते काम कच्चं होतं काय!"

हे त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की शेजारची बाई खिडकीत आली. मग सासूबाई उठल्या. गुडघे धरून, कोणाचा हात न घेता उठल्या. कपाट उघडलं, पत्र्याचा डबा काढला, त्यातून हिरव्या दोऱ्याचं रीळ काढून कमरेला खोचलं.

"चल," त्या सुनेला म्हणाल्या. "कारखान्यात जायचंय. आणि पॅकिंगच्या दाराने नाही हं. वाइंडिंगच्या."